विमा आहे, पण तो सिद्ध कसा करायचा?
जपानच्या नव्या विमाकार्डाचा खर्च, गोंधळ आणि आपण घ्यायची काळजी

गेली दोन-तीन वर्षे आपल्या योकोहामातील मराठी मंडळी एकत्र जमली की व्हिसा आणि शाळाप्रवेश यांच्या जोडीला आणखी एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे मायनंबर कार्डावर आलेला आरोग्यविमा. काहींना ही सुधारणा फार पूर्वीच व्हायला हवी होती असे वाटते, तर काहींच्या मते चांगल्या चाललेल्या व्यवस्थेत विनाकारण खोडा घातला गेला. मी डॉक्टर नाही, विमातज्ज्ञही नाही. माझा व्यवसाय सॉफ्टवेअरचा. परंतु हा प्रश्न औषधांइतकाच नोंदींचा आहे, आणि नोंदी कशा जुळतात व कशा चुकतात हे आमच्या रोजच्या कामात येते. म्हणून या विषयाची दोन्ही अंगे वाचकांपुढे मांडत आहे.

मूळ व्यवस्था

जपानचा आरोग्यविमा कायदा १९२२ सालचा असून तो १९२७ पासून पूर्णपणे अमलात आला. १९६१ पासून देशातील नागरिकांना कोणत्या ना कोणत्या सार्वजनिक विम्याचे संरक्षण मिळू लागले. आपल्यापैकी नोकरदार बहुधा कंपनीमार्फत विमा उतरवतात. बाकीचे, म्हणजे स्वतंत्र व्यवसाय करणारे, विद्यार्थी आणि नोकरी सुटलेले, कुयाकुशोमधून ‘कोकुमिन केन्को होकेन’ घेतात. नोकरदारांचा हप्ता साधारणपणे पगाराच्या दहा टक्क्यांच्या आसपास असतो आणि त्यातला अर्धा भाग कंपनी भरते.

हा विमा फुकट नाही, आणि दर काही वर्षांनी तो थोडा महाग होत आला आहे. नोकरदाराला दवाखान्यात बिलाचा जो वाटा भरावा लागतो तो १९८४ साली १० टक्के झाला, १९९७ मध्ये २० आणि २००३ मध्ये ३० टक्के. समाज वृद्ध होत आहे आणि उपचार महाग होत आहेत. २०२२-२३ या वर्षात देशाचा वैद्यकीय खर्च सुमारे ४६.७ लाख कोटी येन होता. तेव्हा सरकारला काटकसर हवी आहे, यात आश्चर्य नाही. वाद आहे तो काटकसर कुठे करायची आणि नवी पद्धत कशी आणायची, याबद्दल.

सुधारणा नेमकी काय?

मायनंबर म्हणजे प्रत्येक रहिवाशाला दिलेला बारा आकडी क्रमांक. त्याचे वाटप ऑक्टोबर २०१५ मध्ये सुरू झाले आणि जानेवारी २०१६ पासून कार्डे मिळू लागली. ऑक्टोबर २०२१ पासून हेच कार्ड दवाखान्यात विमाकार्ड म्हणून चालू लागले. एप्रिल २०२३ पासून दवाखाने आणि औषधांची दुकाने यांना विम्याची ऑनलाइन तपासणी करणारी यंत्रणा बसवणे काही अपवाद वगळता सक्तीचे झाले. त्याआधी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, डिजिटल मंत्री कोनो तारो यांनी जुने विमाकार्ड २०२४ च्या शरद ऋतूत बंद होईल असे जाहीर केले होते. त्याप्रमाणे २ डिसेंबर २०२४ पासून नवी विमाकार्डे देणे थांबले, आणि हाती असलेल्या जुन्या कार्डांची मुदत फार तर १ डिसेंबर २०२५ पर्यंत ठेवण्यात आली.

ज्यांच्याकडे विम्याला जोडलेले मायनंबर कार्ड नाही त्यांना ‘शिकाकु काकुनिन्शो’ नावाचे प्रमाणपत्र मिळते. ते दाखवले की पूर्वीसारखेच ३० टक्के भरून काम होते. म्हणजे कागद गेला म्हणता म्हणता नवे नाव घेऊन परत आला.

खर्चाची बाजू

लोकांनी कार्ड घ्यावे म्हणून सरकारने खरेदीत वापरता येणारे ‘मायना पॉइंट’ वाटले. या योजनेच्या दुसऱ्या फेरीत कार्ड काढल्याबद्दल ५,००० पर्यंत, विम्याला जोडल्याबद्दल ७,५०० आणि बँकखाते नोंदवल्याबद्दल ७,५००, असे एकूण २०,००० येनांपर्यंतचे पॉइंट मिळत होते. या फेरीसाठी सुमारे १.८ लाख कोटी येनांची तरतूद होती. देशाच्या लोकसंख्येने भागल्यास दर माणशी साडेचौदा हजार येन होतात. चार माणसांच्या कुटुंबाच्या वाट्याला अठ्ठावन्न हजार! आपल्याला मिळालेले पॉइंट आपल्याच करातून आले होते, हे त्या वेळी फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही.

दुसरीकडे, जुने कार्ड दाखवणाऱ्याला किंचित जास्त आकारही लावला गेला. एप्रिल ते डिसेंबर २०२३ या काळात नवी यंत्रणा असलेल्या दवाखान्यात पहिल्या भेटीला जुने कार्ड दाखवले तर रुग्णाच्या वाट्याला १८ येन जादा येत, मायनंबर कार्डाला ६ येन. रक्कम किरकोळ होती, पण रोख स्पष्ट होता.

एवढे करूनही नोव्हेंबर २०२४ मध्ये, म्हणजे जुने कार्ड थांबायच्या आदल्या महिन्यात, मायनंबर कार्डाच्या वापराचे प्रमाण १८.५२ टक्के होते. त्याच वर्षाच्या आरंभी ते पाच टक्क्यांच्याही खाली होते. ज्या नव्या पद्धतीवर पाचांपैकी एकाचेही काम चालत नव्हते, तिच्यासाठी जुनी पद्धत थांबवली गेली.

अडखळले कुठे?

मे २०२३ मध्ये आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले की, ऑक्टोबर २०२१ ते नोव्हेंबर २०२२ या काळात सुमारे ७,३०० प्रकरणांत एकाच्या कार्डाला दुसऱ्याच व्यक्तीची विमानोंद जोडली गेली होती. आकडा देशाच्या मानाने लहान आहे. पण चुकीची जोडणी म्हणजे डॉक्टरांच्या पडद्यावर दुसऱ्याच माणसाची औषधे दिसण्याची शक्यता. ज्याला एखाद्या औषधाची ॲलर्जी आहे त्याच्या दृष्टीने हा आकडा लहान नाही.

या चुका झाल्या कशा? जपानमध्ये तीन हजारांहून अधिक विमासंस्था आहेत. कर्मचाऱ्याने मायनंबर कळवला नसेल तर संस्था नाव, जन्मतारीख अशा तपशिलांवरून नोंदवहीत त्याचा क्रमांक शोधत असत. काही ठिकाणी सर्व तपशील न जुळवता, नाव आणि जन्मतारीख जुळली की हाच तो माणूस असे धरले गेले. पुढे सरकारने नियम कडक केला. कांजी नाव, काना नाव, जन्मतारीख, लिंग आणि पत्ता असे पाचही तपशील जुळले पाहिजेत, असे ठरले.

त्याच वर्षी आपल्या योकोहामातही एक प्रकार घडला. तो विम्याचा नव्हता, पण कार्ड हेच होते. २७ मार्च २०२३ रोजी कोनबिनीतील यंत्रावर रहिवासाचा दाखला काढणाऱ्यांच्या हाती दुसऱ्याच नागरिकांचे दाखले पडले. ही प्रणाली फुजित्सु जपान या कंपनीची होती. यंत्रणेवर एकाच वेळी ताण आला, छपाईला ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वेळ लागला, फाइलवरचे कुलूप वेळेआधी निघाले आणि एकाचा कागद दुसऱ्याच्या हाती गेला. आमच्या व्यवसायातील माणसाला ही चूक ओळखीची वाटते. चाचणीच्या वेळी दहा माणसे असतात तेव्हा ती दिसत नाही, हजार माणसे रांगेत आली की दिसते.

येथे अमेरिकेचे उदाहरण आठवते. १ ऑक्टोबर २०१३ रोजी तेथील सरकारी विमा-खरेदीचे संकेतस्थळ सुरू झाले आणि पहिल्या दिवशी देशभरात अवघ्या सहा जणांची नोंदणी पुरी झाली. मात्र दोन महिन्यांत ते बऱ्यापैकी दुरुस्त झाले, कारण बिघाड मुख्यतः एका यंत्रणेत होता. जपानचा प्रश्न वेगळा आहे. येथे यंत्रणा चालते, पण हजारो कचेऱ्यांत वर्षानुवर्षे हाताने भरलेल्या नोंदी एकमेकींशी जुळवायच्या आहेत. असे काम एका रात्रीत होत नाही.

आपली नावे आणि १ जून

आता आपल्याकडे वळू. पाच तपशील जुळण्याचा नियम योग्यच आहे, पण आपल्या बाबतीत तेच जुळणे सर्वांत कठीण.

पहिले म्हणजे नाव. आपल्या पासपोर्टवर स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असते. रेसिडेन्स कार्डावर आडनाव आधी येते. कंपनीच्या कागदावर मधले नाव कधी असते, कधी गाळलेले असते. लग्नानंतर काही भगिनी आडनाव बदलतात, काही बदलत नाहीत, आणि काहींच्या पासपोर्टवर एक व बँकेत दुसरे असते.

दुसरे म्हणजे काना. ‘कुलकर्णी’चे जपानीत ‘कुरुकारुनि’ होते. पण शेवटचा ‘नि’ ऱ्हस्व लिहायचा की दीर्घ? ‘क्षीरसागर’ यांचे तर एका कचेरीत ‘कुशिरुसागारु’ आणि दुसरीत ‘शिरुसागारु’ होऊ शकते. ऱ्हस्व-दीर्घावरून वाद घालायची आपल्याला शाळेपासून सवय आहे, परंतु संगणक वाद घालत नाही. जुळत नाही, असे सांगून तो मोकळा होतो.

तिसरे म्हणजे जन्मतारीख. महाराष्ट्रात एका पिढीच्या कितीतरी लोकांची तारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकली. तीच पुढे पासपोर्टवर आली. आडनाव पाटील, नाव संजय आणि तारीख १ जून अशी माणसे एकाहून अधिक असणे मुळीच अशक्य नाही. केवळ नाव आणि तारीख जुळवून माणूस ठरवणे किती धोक्याचे आहे, हे जपानी कारकुनापेक्षा आपल्याला लवकर पटेल.

चौथी अडचण मुदतीची. जपानी प्रौढ नागरिकाचे मायनंबर कार्ड दहा वर्षे चालते. व्हिसावर राहणाऱ्याचे कार्ड मात्र वास्तव्याची मुदत संपते त्याच दिवशी संपते. व्हिसा वाढला म्हणून कार्ड आपोआप वाढत नाही. त्यासाठी कुयाकुशोमध्ये वेगळे जावे लागते. व्हिसाचा अर्ज प्रलंबित असेल तर तेथे सांगून कार्डाची मुदत दोन महिने वाढवून घेता येते. मुदत एकदा उलटली की कार्ड नव्याने काढावे लागते.

पाचवी नोकरीबदलाची. नवी कंपनी पाच दिवसांत विमासंस्थेला कळवते आणि संस्थेने पुढील पाच दिवसांत नोंद करायची असते. या मधल्या दिवसांत कार्ड यंत्रावर ठेवले तर जुना विमा दिसतो किंवा काहीच दिसत नाही. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबात नेमक्या त्याच आठवड्यात मुलीला ताप आला आणि दवाखान्यात पूर्ण बिल भरावे लागले. पैसे नंतर परत मिळाले, पण तापाने फणफणलेले मूल मांडीवर घेऊन जपानी भाषेत विम्याचा खुलासा करणे ही काही सुखाची गोष्ट नव्हे.

दोन्ही बाजू

सुधारणेच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. आपण संमती दिली तर डॉक्टरांना आधीची औषधे दिसतात, त्यामुळे तेच औषध दोनदा किंवा एकमेकांना मारक औषधे देण्याचा धोका कमी होतो. भाषा न येणाऱ्या आपल्यासारख्यांना याचा फायदा जपानी माणसापेक्षा जास्त आहे.

दुसरा मोठा लाभ ‘कोगाकु र्योयोही’चा, म्हणजे महिन्याच्या खर्चावरील मर्यादेचा. उदाहरणार्थ, २०२५ च्या दरांनुसार मध्यम उत्पन्न गटातील माणसाचे एका महिन्याचे बिल दहा लाख येन झाले, तर ३० टक्क्यांप्रमाणे तीन लाख होतात. मर्यादेचे सूत्र असे होते : ८०,१०० अधिक (बिल वजा २,६७,०००) याचा एक टक्का. म्हणजे ८०,१०० अधिक ७,३३०, एकूण ८७,४३० येन. पूर्वी ही सवलत बिल भरतानाच मिळवायची तर विमासंस्थेकडून आधी वेगळे प्रमाणपत्र आणावे लागे. मायनंबर कार्डाने ते काम तिथल्या तिथे होते. इस्पितळात भरती होण्याच्या धावपळीत ही सोय लहान नाही.

मात्र याच मर्यादेबाबत सरकारचे दुसरे पाऊल अडले. २०२४ च्या डिसेंबरात ती वाढवण्याचा बेत जाहीर झाला. वरील गटासाठी ८०,१०० चा पाया ऑगस्ट २०२५ पासून ८८,२०० होणार होता. कर्करुग्णांच्या संघटनांनी तीव्र विरोध केला आणि ७ मार्च २०२५ रोजी पंतप्रधान इशिबा यांनी ती वाढ स्थगित केली. विरोधाचे कारण साधे होते. ज्यांना दीर्घ उपचार घ्यावे लागतात त्यांना विचारल्याशिवाय त्यांच्या खर्चाचे गणित मांडले गेले होते.

कार्डाच्या विरोधकांचे म्हणणेही असेच आहे. डॉक्टरांमधील हजाराहून अधिक जणांनी ऑनलाइन तपासणीच्या सक्तीविरुद्ध दावा लावला. टोकियो जिल्हा न्यायालयाने तो नोव्हेंबर २०२४ मध्ये फेटाळला, तरी त्यांची अडचण खोटी नव्हती. छोट्या दवाखान्यातील वयस्क डॉक्टरांना यंत्र, दुरुस्ती आणि रांगेतील रुग्ण या सर्वांकडे एकदम पाहावे लागते. टोकियोतील शिबुया आणि सेतागाया या वॉर्डांनी तर २०२५ मध्ये आपल्याकडील कोकुमिन विम्याच्या सर्वच सभासदांना, कार्ड असो वा नसो, शिकाकु काकुनिन्शो पाठवायचे ठरवले. गोंधळ टाळण्याचा तो शहाणपणाचा मार्ग होता, पण त्यालाही टपाल आणि छपाईचा खर्च आलाच.

माझे मत असे की सुधारणेचा हेतू योग्य होता, क्रम चुकला. आमच्या व्यवसायात जुनी प्रणाली बंद करण्यापूर्वी नवी तिच्या शेजारी पुरेसा काळ चालवतात आणि नोंदी आधी स्वच्छ करतात. येथे बंद करण्याची तारीख आधी ठरली आणि नोंदींची साफसफाई मागाहून झाली. त्यातून वाचलेले काम नाहीसे झाले नाही, ते कारकुनाच्या टेबलावरून आपल्या घरी आले. आणि ज्याचे नाव लांब, व्हिसा छोटा आणि नोकरी बदलती, त्याच्या घरी ते जास्त आले.

आपण काय करावे?

१. मायनापोर्टलवर कुटुंबातील प्रत्येकाची विमानोंद उघडून पाहावी. नाव, विमासंस्था आणि क्रमांक तपासावेत. औषधांची यादी दिसत असेल तर ती आपलीच आहे ना, हेही पाहावे.

२. नावाचे एकच रूप ठरवावे आणि काना नेहमी तोच लिहावा. तो एका कागदावर लिहून पाकिटात ठेवावा. कंपनी, बँक आणि कुयाकुशो तिन्हीकडे तोच द्यावा.

३. व्हिसाची मुदत संपण्याच्या तीन महिने आधी कॅलेंडरवर खूण करावी. नवे रेसिडेन्स कार्ड हाती आले की जुनी मुदत संपण्यापूर्वी सर्वांची मायनंबर कार्डे घेऊन कुयाकुशोमध्ये जावे. मुलांची कार्डे विसरू नयेत.

४. विमासंस्थेकडून आलेला ‘शिकाकु जोहो नो ओशिरासे’ हा कागद टाकून देऊ नये. यंत्र बिघडले तर मायनंबर कार्डासोबत हा कागद किंवा मायनापोर्टलचा पडदा दाखवून ३० टक्क्यांत काम होते. तेही नसेल तर दवाखान्यात विमा असल्याचे निवेदन भरून देण्याची सोय आहे. पूर्ण बिल मागितल्यास नम्रपणे त्याबद्दल विचारावे.

५. तरीही पूर्ण बिल भरावे लागलेच तर पावती आणि उपचारांचा तपशील जपून ठेवावा. विमासंस्थेकडे परताव्याचा अर्ज दोन वर्षांच्या आत करता येतो.

६. नोकरी सोडून कोकुमिन विम्यात जायचे असेल तर १४ दिवसांत कुयाकुशोमध्ये नोंद करावी. जुन्या कंपनीचा विमा संपल्यावर तो वापरला गेला तर उरलेले ७० टक्के परत भरावे लागतात.

७. मुलांचे वैद्यकीय प्रमाणपत्र वेगळे असते. योकोहामाने ऑगस्ट २०२३ पासून नववीपर्यंतच्या मुलांसाठी उत्पन्नाची अट आणि दवाखान्यातील वाटा दोन्ही काढून टाकले. त्याचा लाभ घ्यायचा तर ते प्रमाणपत्र विम्याच्या पुराव्यासोबत दाखवावे.

आई-वडिलांबद्दल दोन शब्द

भारतात राहणाऱ्या आई-वडिलांना पूर्वी येथील कंपनीच्या विम्यात अवलंबित म्हणून घालता येत असे. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर १ एप्रिल २०२० पासून अवलंबित व्यक्तीचा निवास, काही अपवाद वगळता, जपानमध्ये असावा लागतो. भारतात २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, ‘आयुष्मान वय वंदना’ कार्डावर वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण देण्याची योजना सुरू झाली आहे. तेथेही सारी भिस्त आधारवरील नाव आणि जन्मतारखेवर आहे. तेव्हा पुढच्या सुट्टीत गावी गेल्यावर आई-वडिलांचे आधार, बँकेचे पुस्तक आणि इस्पितळाचे कागद शेजारी ठेवून एकदा ताडून पाहावेत. संध्याकाळभराचे काम आहे, आणि ते आजारपणाआधीच करायचे आहे.

सरकारी सुधारणेबद्दल आपली मते वेगळी असतील आणि ती असावीतही. विम्याचा हप्ता मात्र आपण सर्वच दरमहा भरतो. हप्ता भरलेल्या माणसाला दवाखान्याच्या दारात अडून राहावे लागू नये, एवढी व्यवस्था आपल्या घरापुरती तरी आपण करून ठेवू या.